कुत्रीचे बीपी घरच्या मशीनवर मोजता येईल का?

प्रश्न : आमची कारवानी कुत्री ११ वर्षांची आहे. तिच्या किडनीला त्रास असल्याने डॉक्टरांनी बीपी तपासून घ्यायला सांगितले. वडिलांचे बीपीचे मशीन घरात आहे, ते तिच्या पायाला लावले तर चालेल का? दवाखान्यात ती थरथर कापते, मग तिथला आकडा तरी खरा कसा मानायचा?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : घरचे मशीन लावू नका. ते माणसाच्या दंडासाठी बनवलेले असते. कुत्र्याच्या पायाला बांधायच्या पट्ट्याची रुंदी त्या जागच्या घेराच्या ३० ते ४० टक्के लागते. म्हणजे घेर १२ सेंटीमीटर असेल, तर पट्टा साधारण ४ ते ४.५ सेंटीमीटर रुंद हवा. पट्टा लहान झाला तर आकडा उगाच वाढतो, मोठा झाला तर उगाच घटतो. घटलेला आकडा जास्त घातक, कारण आपण निर्धास्त राहतो आणि किडनी, डोळे, मेंदू आतून बिघडत जातात.

गंमत म्हणजे रक्तदाबाचे पहिले मोजमाप जनावराचेच झाले. इंग्लंडमधील पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढले. १७३३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आज असा छळ करावा लागत नाही. कुत्र्या-मांजरांच्या पायातील धमनी बारीक असल्याने स्टेथोस्कोपने ठोके नीट ऐकू येत नाहीत, म्हणून पशुवैद्य डॉप्लर किंवा जनावरांसाठीचे स्वयंचलित यंत्र वापरतात.

तुमची दुसरी शंका अगदी रास्त आहे. भीतीने आकडा खरोखर वाढतो. म्हणून नगर-मनमाड रस्त्यावरून गाडीत आणल्याबरोबर तिला टेबलावर चढवू नका. शांत खोलीत ५ ते १० मिनिटे बसू द्या, तुम्ही जवळ थांबा. बाकी तपासण्या आणि सुई नंतर. तिला कुशीवर किंवा पोटावर निजवून पट्टा हृदयाच्या पातळीत ठेवावा. तो १० सेंटीमीटर खाली गेला तरी आकडा ७-८ मिलिमीटरने वाढतो. पहिला आकडा सोडून द्यावा आणि पुढच्या, एकमेकांशी जुळणाऱ्या ५ ते ७ आकड्यांची सरासरी घ्यावी.

वरचा आकडा १४० च्या आत असेल तर उत्तम. १६० च्या पुढे गेला तर उच्च रक्तदाब, १८० किंवा अधिक म्हणजे मोठा धोका. मात्र ग्रेहाउंडसारख्या शिकारी कुत्र्यांचा रक्तदाब मुळातच १० ते २० मिलिमीटरने जास्त आढळतो. कारवानी त्याच बांध्याची, तेव्हा जात डॉक्टरांना आवर्जून सांगा. एकदाच वाढलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून खात्री करावी. पण ती अचानक आंधळ्यासारखी धडकू लागली किंवा डोळ्यात रक्त दिसले, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जवळ यंत्र नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारा. वडिलांच्या बीपीच्या गोळ्या तिला स्वतःहून कधीही देऊ नका. दर वेळी कोणत्या पायावर, कोणत्या मापाच्या पट्ट्याने, कशी निजवून मोजले, हे आकड्यासोबत वहीत लिहा आणि पुढच्या वेळी तसेच मोजायला सांगा. तरच औषध लागू पडते आहे का, हे कळेल.