टेक्सासात शाळेचा फुटबॉल: एक हंगाम केवढ्याला पडतो?

आठवीतला मुलगा मार्च-एप्रिलच्या सुमारास घरी येऊन सांगतो की नववीत त्याला फुटबॉल खेळायचाय. फ्रिस्को, प्लेनो, केटी, राउंड रॉक इथल्या मराठी घरांत हे आता नवलाचं राहिलेलं नाही. आईवडिलांच्या मनात आधी दुखापतीची भीती येते, आणि ती रास्तच आहे. मग खर्चाचा विषय निघतो. शाळेच्या पत्रकात जो आकडा असतो तो बहुतेकांना झेपतो. जड जातं ते पत्रकाबाहेरचं: भाड्याचं घर कुठल्या शाळेच्या हद्दीत घेतलं, आरोग्यविम्याची कुठली योजना निवडली, भारताची तिकिटं कुठल्या तारखांची काढली. हे सगळं हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं, म्हणून हा लेख मुलाने विषय काढला की लगेच वाचावा, ऑगस्टची वाट पाहू नये.

टेक्सासमधल्या सरकारी शाळांचे सामने यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग, ही संस्था चालवते. ती 1910 सालची. शाळांची विभागणी विद्यार्थीसंख्येनुसार 1ए ते 6ए अशा सहा वर्गांत होते आणि दर दोन वर्षांनी नव्याने मांडली जाते. आपली बहुतेक मंडळी राहतात त्या उपनगरांतल्या मोठ्या शाळा 5ए किंवा 6ए मध्ये येतात. आजूबाजूच्या काही शाळांचा मिळून एक ‘डिस्ट्रिक्ट’ होतो आणि साखळी सामने त्यांच्यातच होतात. त्याची आणि शाळा चालवणाऱ्या आयएसडीची, म्हणजे इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्टची, गल्लत करू नका.

आता सामान. हेल्मेट, शोल्डर पॅड, सामन्याची जर्सी आणि पँट शाळा देते आणि हंगाम संपला की परत घेते. आपण आणायचे ते बूट, साधारण 60 ते 130 डॉलर. आतून घालायची पॅडवाली गर्डल 30 ते 60, हातमोजे तेवढेच, माउथगार्ड 10 ते 30. माउथगार्ड दोन घ्या, एक हमखास हरवतो. शाळेच्या रंगातले टी-शर्ट, शॉर्ट आणि हूडी असलेला ‘स्पिरिट पॅक’ 100 ते 200 डॉलरला मिळतो. उन्हाळ्यातल्या व्यायाम शिबिराला काही शाळा काहीच घेत नाहीत, काही शंभराच्या आसपास घेतात. शिवाय बूस्टर क्लबची वर्गणी, सामन्याआधीच्या जेवणाचे पैसे, फोटो आणि शेवटी बँक्वेट. सगळं मिळून पहिल्या वर्षी 600 ते 900 डॉलर धरून चालावं. काही आयएसडी खेळात भाग घेण्याची वेगळी फी आकारतात, तेवढी चौकशी करा. दुसऱ्या वर्षी हा आकडा बराच खाली येतो, फक्त पाय वाढतात म्हणून बूट नवे लागतात.

स्वतःचं महागडं हेल्मेट विकत घेण्याचा मोह बऱ्याच बाबांना होतो. आधी शाळेचं हेल्मेट नीट बघा. टेक्सासच्या कायद्यानुसार 16 वर्षं किंवा त्याहून जुनं हेल्मेट शाळेला वापरता येत नाही. दहा वर्षं झालेलं हेल्मेट दर दोन वर्षांतून किमान एकदा दुरुस्त आणि तपासून घ्यावं लागतं. प्रत्येक हेल्मेटचं वय आणि दुरुस्तीची नोंद पालकांना पाहायला मिळते, मागितली तर कोणी वावगं मानत नाही. वयाइतकंच महत्त्व मापाला आहे. सामान वाटपाच्या दिवशी रांग लांब असते, मुलं घाईत असतात आणि ‘बसलं’ म्हणून मोकळी होतात. घरी आल्यावर मुलाला हेल्मेट घालायला सांगा. पुढची कड भुवयांच्या साधारण इंचभर वर असली पाहिजे. पट्टा आवळा, तोंडावरची जाळी दोन्ही हातांनी धरा आणि हळूच डावीउजवीकडे फिरवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर आहे. कातडी जागेवर राहून नुसतंच हेल्मेट फिरलं तर दुसऱ्या दिवशी मुलाला सरळ इक्विपमेंट रूममध्ये पाठवा. हवा भरून किंवा गालाकडचे पॅड बदलून ते तिथेच फुकट बसवून देतात. केस कापल्यावरही हे पुन्हा बघावं लागतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

वैद्यकीय तपासणी यूआयएलच्या ठरलेल्या फॉर्मवरच लागते. नियमानुसार ती हायस्कूलच्या पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाआधी सक्तीची आहे, पण बऱ्याच आयएसडी ती दर वर्षी मागतात, आणि तीही ठराविक तारखेनंतरची. वसंतात शाळेतच सामुदायिक तपासणी असते, तिथे थोडक्यात काम होतं. अर्जंट केअरमध्ये जास्त पडतात. सगळ्यांत स्वस्त उपाय असा की बालरोगतज्ज्ञांकडची वार्षिक तपासणी, जिला बहुतेक विम्यांत आपल्याला काही भरावं लागत नाही, ती त्या तारखेनंतरची ठेवायची आणि फॉर्म सोबत न्यायचा. याच कागदांत ईसीजीबद्दल एक पान असतं. 2019 च्या कायद्यामुळे शाळेला ही माहिती द्यावीच लागते. क्रॉस्बी गावचा कोडी स्टीफन्स हा हायस्कूलचा खेळाडू 2012 साली हृदय अचानक थांबून गेला, त्याच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. ईसीजी ऐच्छिक आहे आणि खर्च सहसा आपला असतो. घरात कोणाचा कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, किंवा मुलाला पळताना कधी चक्कर आली असेल, तर ते फॉर्मवर लिहा आणि डॉक्टरांशी बोला. काका-मामांचा आजार कशाला लिहायचा, असा संकोच इथे नको.

आता घराचा पत्ता. माझ्या मते आपल्या लोकांना सगळ्यांत महाग पडू शकणारा नियम हाच. नोकरी बदलली, लीज संपली, कुठे भाडं कमी मिळालं, की आपण सहज दुसऱ्या गावात जातो. मूल दहावी-अकरावीत असेल आणि आधीच्या शाळेत खेळलं असेल तर नव्या शाळेत ‘प्रीव्हियस अ‍ॅथलेटिक पार्टिसिपेशन’चा फॉर्म भरावा लागतो. जुन्या शाळेचे कोच त्यावर आपलं म्हणणं लिहितात. शाळा खेळासाठी बदलली असा निष्कर्ष निघाला तर मुलाला किमान एक वर्ष व्हर्सिटीत, म्हणजे मुख्य संघात, खेळता येत नाही. निर्णय घेते ती डिस्ट्रिक्टमधल्या शाळांच्या प्रतिनिधींची समिती, ज्यात प्रतिस्पर्धी शाळाही असतात. खालच्या संघात खेळता येतं, पण अकरावी-बारावीतल्या मुलाला ते वर्ष गेल्यासारखंच वाटतं.

म्हणून लीजवर सही करण्याआधी दोन गोष्टी करा. आयएसडीच्या संकेतस्थळावर तो नेमका पत्ता टाकून शाळा कोणती येते ते बघा. रस्त्याच्या एका बाजूला एक शाळा आणि पलीकडे दुसरी, असं इथे सर्रास आहे. आणि घर बदलायचं तर सगळं कुटुंब मिळून बदला. बाबा जुन्या घरी, आई आणि मुलगा नव्या, अशी सोय समितीपुढे टिकत नाही. लीज, विजेचं बिल, नोकरी बदलल्याचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. एखाद्या क्लब संघाच्या कोचने ‘अमुक शाळेत या, तमुक जागा मिळेल’ असं सुचवलं तर तिथेच थांबा. असं एक वाक्य ईमेलमध्ये सापडलं तरी प्रकरण अंगाशी येतं.

वयाचा नियम सोपा आहे: 1 सप्टेंबरला मुलाला 19 वर्षं पूर्ण झालेली नसावीत. नववीत पाऊल ठेवल्यापासून सलग चार वर्षंच खेळता येतं. वर्ष राहिलं तरी घड्याळ थांबत नाही.

मार्कांचा नियम 1984 पासून आहे आणि ‘नो पास, नो प्ले’ या नावाने सगळे तो ओळखतात. एकाही विषयात 70 च्या खाली गेलं की किमान तीन आठवडे सामना नाही. सराव करता येतो. नियमित हंगामात सामनेच दहा असताना त्यातले तीन जाणं म्हणजे फार झालं. आपली मुलं नापास कुठे होतात, असं म्हणून हे पान उलटू नका. एकाच वेळी कठीण विषयांची मोट बांधणारी आणि पहाटे सहाला सरावाला जाणारी मुलं गृहपाठ जमा करायला विसरतात, आणि शून्यांनी सरासरी झरझर उतरते. एपीसारख्या प्रगत विषयांना या नियमातून सूट मिळते, शिवाय इतर कोणत्या ऑनर्स विषयांना द्यायची ती यादी आयएसडी ठरवते. विषय निवडायची वेळ हिवाळ्यातच येते, तेव्हाच ती यादी समोर ठेवा.

विमा हा खरा मोठा खर्च. अनेक आयएसडी खेळाडूंसाठी एक दुय्यम पॉलिसी काढतात. आपल्या विम्याने द्यायचं ते दिलं की उरलेल्यातला काही भाग ती देते, तोही तिच्या दरपत्रकाप्रमाणे. दावा करायची मुदत असते आणि शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरने दुखापतीची नोंद केलेली असावी लागते, म्हणून दुखलं की त्याच दिवशी ट्रेनरला सांगायचं, ही सवय मुलाला लावा. ट्रेनरची तपासणी आणि शाळेतले व्यायाम फुकट असतात. याखेरीज पालकांना विकत घेता येणारी अपघात पॉलिसी असते. तिच्यात फुटबॉलचा हप्ता वेगळा आणि बराच जास्त असतो.

आपल्याकडे बरेच जण कंपनीतून जास्त डिडक्टिबलची स्वस्त योजना घेतात, कारण घरात फारसं कोणी आजारी पडत नाही. मूल फुटबॉल खेळणार असेल तर हे गणित नव्याने मांडा. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर एमआरआय, शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांची फिजिओथेरपी लागते. डिडक्टिबल तर जातंच, वर्षाची कमाल मर्यादाही गाठली जाऊ शकते. त्यातून दुखापत ऑक्टोबरमध्ये झाली, शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये, तर फिजिओथेरपी जानेवारीत चालूच असते आणि 1 जानेवारीला डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. एका दुखापतीचे पैसे दोनदा. म्हणून योजना बदलायची ती आधीच्या वर्षीच्या ओपन एनरोलमेंटमध्ये, मूल अजून आठवीत असताना. ते जमलं नसेल तर एचएसए या आरोग्य बचत खात्यात डिडक्टिबलएवढी रक्कम तरी साठवून ठेवा.

डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर मुलाला तेव्हाच मैदानाबाहेर काढावं लागतं आणि त्या दिवशी परत खेळवता येत नाही. डॉक्टरांची लेखी परवानगी, पालकांची सही आणि मग टप्प्याटप्प्याने पुनरागमन, असा 2011 पासूनचा टेक्सासचा कायदा आहे. इथे पैसे वाचवायचे नाहीत. मुलं लक्षणं लपवतात. सामन्याच्या रात्री उजेड सहन होत नसेल किंवा एरवी बोलका मुलगा गप्प असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनरला फोन करा, मुलाचा राग पत्करून.

काही खर्च टाळता येतात. उन्हाळ्यातले ‘सेव्हन ऑन सेव्हन’चे खासगी प्रवासी संघ, तासाला 50 ते 100 डॉलर घेणारे प्रशिक्षक आणि कॉलेजात जागा मिळवून देतो म्हणत हजारो डॉलर मागणाऱ्या सेवा, यांतलं नववी-दहावीत काहीच आवश्यक नाही. सामन्यांचं चित्रीकरण शाळाच करते आणि मुलाला त्यातून स्वतःची क्लिप बनवता येते. मोठ्या शाळांत नववीत कोणाला सहसा वगळत नाहीत, ए, बी, सी असे संघ करतात. सी संघात नाव आलं म्हणून प्रशिक्षक लावायची घाई करू नका.

एक खर्च मात्र आनंदाने करावा असा. होमकमिंगच्या शुक्रवारी मुली छातीवर भलंमोठं ‘मम’ लावतात, मुलं दंडावर त्याचं लहान रूप. पूर्वी यात खरी शेवंती असे, आता कापडी फुलं, गुडघ्यापर्यंत रिबिनी, छोट्या घंटा आणि चमकीने लिहिलेली नावं असतात. दुकानात ते 50 पासून तीनशे डॉलरच्या वरही जातं. हस्तकलेच्या दुकानातून सामान आणून घरी केलं तर चाळीसेक डॉलरमध्ये होतं, आणि ज्या घरात मखर करायची सवय आहे तिथे ते फार सुंदर होतं.

जेवणाचं आधीच सांगून ठेवा. सामन्याआधी बहुधा चिकन सँडविच नाहीतर मांसाच्या सॉसमधला पास्ता असतो. शाकाहारी मुलाचं नाव बूस्टर क्लबच्या पालकांना ऑगस्टमध्येच कळवलं तर वेगळा डबा येतो, ऐन वेळी नाही.

राहिली तिकिटं. उन्हाळ्यात भारतात जाणार असाल तर जुलै संपण्याआधी परता. सराव ऑगस्टच्या सुरुवातीला चालू होतो आणि पहिले पाच दिवस उन्हाची सवय होण्यासाठी अंगाला अंग न भिडवता घ्यावे लागतात. उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला हे पाच दिवस पूर्ण केल्याशिवाय भिडण्याचा सराव करता येत नाही, आणि तोवर जागा ठरत आलेल्या असतात. पहिल्या वर्षी डिसेंबरची अडचण नाही, नववीच्या संघाचे सामने नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपतात. व्हर्सिटीचं तसं नाही. 6ए मध्ये डिस्ट्रिक्टमधले पहिले चार संघ बाद फेरीत जातात आणि अजिंक्यपद मिळवणारा संघ सोळा सामने खेळतो. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातही सराव असतो आणि अंतिम सामने डिसेंबरच्या मध्यावर आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये होतात. मुलगा व्हर्सिटीत असेल तर भारताचं तिकीट त्या वर्षीच्या अंतिम सामन्याच्या तारखेनंतरचं काढा, किंवा तारीख बदलण्याची फी नसलेलं, थोडं महाग असलं तरी.