फडावरचे मूल आणि राज्यकर्त्याची अमानत

दिवाळी सरली की कृष्णा-वारणेच्या काठावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या या मजुरांच्या कोप्या कराड, वाळवा, पलूस, कोरेगाव या तालुक्यांत गावाबाहेर उभ्या राहतात. आई-वडील पहाटेच कोयता घेऊन फडात जातात आणि मागे आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसते. तिची गावाकडची शाळा सुटलेली असते. इथल्या शाळेच्या पटावर तिचे नाव नसते. प्रिय वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी हे दृश्य आपल्याच बांधावरून पाहिले असेल. या मुलीची जबाबदारी कोणाची?

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक प्रसंग या प्रश्नाचे उत्तर देतो. व्यापाऱ्यांचा एक तांडा मदीनेबाहेर उतरला होता. खलिफा स्वतः हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना सोबत घेऊन रात्रभर पहाऱ्यास राहिले. एका बाळाचे रडणे थांबेना. वारंवार विचारल्यावर आईने सांगितले की, ती बाळाचे दूध मुदतीआधीच तोडत आहे. कारण उमर दूध सुटलेल्या मुलांनाच वृत्ती देतात. आपण कोणाशी बोलत आहोत, हे तिला ठाऊक नव्हते. त्या दिवशी फज्रच्या नमाजात खलिफांना इतके रडू आले की लोकांना त्यांचे पठण नीट उमगेना. नमाजनंतर त्यांनी दवंडी पिटवली की, कोणीही दूध तोडण्याची घाई करू नये. यापुढे प्रत्येक मुलाला जन्मापासूनच वृत्ती मिळेल.

यातील तीन गोष्टी ध्यानात घ्या. ते मूल वाटसरूंचे होते, तरी त्याची जबाबदारी परक्यावर ढकलली गेली नाही. खलिफांनी आईला दोष न देता आपल्याच नियमातील दोष शोधला. आणि त्या एका बाळाला दान देऊन ते थांबले नाहीत. सर्व मुलांसाठी त्यांनी नियमच बदलला. प्रत्येक जण राखणदार आहे आणि शासकाला त्याच्या प्रजेविषयी जाब विचारला जाईल, या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीचा हा प्रत्यक्ष आचार होता.

आपल्या देशातही ही जबाबदारी कायद्याने शासनावर आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी प्रवेश अडवता येत नाही. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क आहे. संकटातील मुलांसाठी बाल न्याय कायद्याने जिल्ह्या-जिल्ह्यांत बालकल्याण समिती नेमली असून १०९८ या क्रमांकावर रात्रंदिवस मदत मागता येते.

परंतु कायदा कोपीपर्यंत आपोआप चालत जात नाही. फडावर राबणाऱ्या मातेला मुख्याध्यापकांना भेटायला सवड नसते आणि तिथे आपले कोणी ऐकेल असा विश्वासही नसतो. तिथे आपले कर्तव्य सुरू होते. आपल्या शेतात टोळी उतरली असेल, तर मुकादमाकडून मुलांची नावे व वये लिहून घ्या. ती यादी शाळेत आणि अंगणवाडी सेविकेकडे द्या. टाळाटाळ झाल्यास ग्रामपंचायतीत व गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. एखाद्या अल्पवयीन मुलीच्या विवाहाची बोलणी कानावर आली, तर गप्प राहू नका, ग्रामसेवकांना कळवा.

आपण सदका अवश्य द्यावा, कोप्यांवर गरम कपडे व खाऊ पोहोचवावा. मात्र आपल्या दानामुळे शासन आपल्या कर्तव्यातून मुक्त होत नाही. हक्क मागणे ही भीक नव्हे. राज्यकर्त्याला त्याच्या अमानतीची आठवण करून देणे होय. ते मूल कोणत्या जिल्ह्याचे, कोणत्या जातीधर्माचे, हा प्रश्न इथे उद्भवतच नाही. शासकाला त्याच्या अधिकाराविषयी विचारले जाईल, तसे आपल्याला आपल्या शेजाराविषयी विचारले जाईल. यंदाच्या हंगामात निदान एका मुलाचे नाव शाळेच्या पटावर यावे, एवढा संकल्प आपण प्रत्येकाने करावा. अल्लाह आपल्याला तशी सद्बुद्धी देवो. आमीन.