आधी जमिनीचा आराखडा, मग योजना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी ग्रीन कार्डधारक आहोत. आयोवातल्या एका ग्रामीण काउंटीत ४० एकर जमीन घेतली असून नोकरी सांभाळून ती स्वतः कसणार आहोत. जमीन उताराची आहे, पावसात माती वाहून जाते आणि ओघळी पडतात. सरकारी योजना इतक्या आहेत की अर्ज नेमका कशासाठी करावा, हेच कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, आयोवा

उत्तर : योजनांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि प्रथम जमिनीचा संधारण आराखडा करून घ्या. अमेरिकेच्या कृषी खात्यातली नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशन सर्व्हिस (एनआरसीएस) हे काम शुल्क न घेता करते. धुळीच्या वादळांनी तिथली शेती उजाड केली, तेव्हा १९३५ साली मृदसंधारणासाठी उभारलेली यंत्रणाच आज या नावाने चालते. तिचा अधिकारी शेतावर येऊन उतार, माती आणि पाण्याची वाट पाहतो. ओघळीच्या जागी गवताळ पाणवाट हवी, की समतल बांध, की हिवाळ्यात जमीन झाकणारे आच्छादन पीक, हे त्यातून ठरते. आपल्याकडे पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करतात, तेही याच विचाराने. आराखडा आधी हवा याला कायद्याचेही कारण आहे. १९८५ च्या कायद्यानुसार सहज धूप होणाऱ्या जमिनीत मान्य संधारण पद्धतीशिवाय पीक घेतले, तर कृषी खात्याचे बरेचसे लाभ हातचे जाऊ शकतात. तुमच्या उताराच्या जमिनीला हा नियम लागू होतो का, ते पहिल्याच भेटीत विचारा.

आराखड्याबरोबरच कागदपत्रांचे काम सुरू करा. काउंटीसाठीच्या कृषी सेवा केंद्रात बहुधा एनआरसीएसच्या शेजारीच फार्म सर्व्हिस एजन्सी असते. खरेदीखत आणि ओळखपत्र दाखवून तिथे फार्म नंबर घ्या, उत्पन्नाचे आणि धूपप्रवण जमिनीचे पात्रता अर्ज भरा. मग ओघळी-बांधांसाठी प्रामुख्याने एनआरसीएसची ‘इक्विप’ (एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी इन्सेंटिव्ह्ज प्रोग्रॅम) ही योजना समोर येते. साधारणतः अंदाजित खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत मदत मिळते. ज्यांना शेती करून १० वर्षांहून अधिक काळ झालेला नाही आणि जे शेतीत प्रत्यक्ष राबतात, त्यांना ती ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकते, काही रक्कम आगाऊही मिळते. जमीन पिकातून काढून गवताखाली ठेवायची असेल, तर ‘सीआरपी’ (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम) या योजनेत १० ते १५ वर्षांचा करार होऊन दरवर्षी भाडे मिळते. मात्र त्यासाठी जमीन सहसा किमान १२ महिने तुमच्या मालकीची असावी लागते. आयोवाच्या ९९ काउंट्यांत मृद व जलसंधारणाचे १०० जिल्हे आहेत. राज्याच्या निधीची चौकशी तिथे करा.

‘एवढ्या फेऱ्या मारण्यापेक्षा पैसे देऊन सल्लागार नेमू,’ असे वाटणे स्वाभाविक आहे. सल्लागार कागद भरून देईल, पण अर्जांना गुण दिले जातात ते जमिनीवरच्या समस्येला आणि प्रस्तावित कामाच्या उपयोगाला. त्याची नोंद तर मोफत आराखड्यातच होते. ‘नोकरदारांना आणि लहान शेतकऱ्यांना कोण विचारतो?’ ही शंकाही रास्त आहे. पण ४० एकरांमुळे कोणी अपात्र ठरत नाही, ग्रीन कार्ड आड येत नाही आणि उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक सरासरी ९ लाख डॉलर इतकी वर आहे. निधी अपुरा असल्याने पहिल्या वर्षी अर्ज मागे पडू शकतो, हे मात्र खरे. तरीही तयार आराखडा वाया जात नाही. पुढच्या फेरीत तोच कामी येतो आणि आच्छादन पिकासारखी कमी खर्चाची कामे स्वतः सुरू करता येतात.

सर्वांत गंभीर आक्षेप बंधनांचा आहे. करारातले काम ठरल्या तांत्रिक मापाने करावे लागते, त्याची निगा राखावी लागते आणि करार मोडल्यास पैसे परत करावे लागू शकतात. म्हणूनच योजनेच्या रकमेकडे पाहून काम ठरवू नका. जे काम अनुदानाशिवायही जमिनीला हवे आहे, त्याचाच करार करा. आणि ज्या कामासाठी मदत हवी, ते करारावर सह्या होण्याआधी मुळीच सुरू करू नका, कारण लेखी सूट नसेल तर आधी केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत. सेवा केंद्राची वेळ ठरवा, खरेदीखत सोबत न्या आणि पहिली मागणी संधारण आराखड्याचीच करा.