सागरजलाचे रासायनिक संतुलन : मत्स्यटाकीपासून महासागरापर्यंत

रायपूरपासून जवळचा समुद्रकिनाराही सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. अशा शहरात सागरी मत्स्यटाकी उभारावयाची, तर गोड्या पाण्यात सागरी क्षारांचे तयार मिश्रण विरघळवून सागरजल बनवावे लागते. केवळ खाण्याचे मीठ येथे उपयोगी पडत नाही. कारण सागरजलात सोडिअम क्लोराइडखेरीज मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, सल्फेट व बायकार्बोनेट यांचेही ठराविक प्रमाण असते. हे प्रमाण मोजणे व राखणे समजले, की महासागरांच्या आम्लीकरणाचा प्रश्नही समजतो.

प्रारंभीच एक कायदेशीर मर्यादा लक्षात घ्यावी. भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांना २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यामुळे आपल्या समुद्रातील असे प्रवाळ तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे.

प्रमुख मापे

● क्षारता : दरहजारी ३५
● सामू (पीएच) : ८.१ ते ८.४
● अल्कता : ७ ते ११ जर्मन अंश
● कॅल्शिअम : लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम
● मॅग्नेशिअम : लिटरमागे सुमारे १,३०० मिलिग्रॅम
● अमोनिया व नायट्राइट : शून्य

खारून नदीतून शहराला पुरविल्या जाणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. म्हणून मिश्रणासाठी आरओ यंत्राचे पाणी घ्यावे. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. तोवर मासे सोडू नयेत.

उन्हाळा व बाष्पीभवन

रायपूरच्या उन्हाळ्यात बाष्पीभवन वेगाने होते. त्यात पाणी उडते, क्षार मागे राहतात. २०० लिटरच्या टाकीतील १० लिटर पाणी उडाल्यास क्षारता ३५ वरून सुमारे ३६.८ होते. ही तूट गोड्या पाण्यानेच भरून काढावी. खारे पाणी घातल्यास क्षारता आणखी वाढते.

सामूपूर्वी अल्कता

सामू घटल्याचे दिसताच सोडा घालणे ही सर्वसाधारण चूक होय. शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे दिवसा पाण्यातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि सामू वाढतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो. म्हणून मापन रोज ठराविक वेळी करावे आणि सोबत अल्कताही तपासावी. अल्कता म्हणजे आम्ल उदासीन करण्याची पाण्याची क्षमता. ती अनुमापनाने मोजतात : नमुन्यात दर्शक घालून त्याचा रंग बदलेपर्यंत आम्लाचे थेंब मोजावयाचे.

अल्कता योग्य असूनही सामू कमी असेल, तर बंद खोलीतील हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड हे बहुधा कारण असते. तेथे सोडा नव्हे, खेळती हवा हा उपाय आहे.

अल्कताच कमी असेल, तर हिशेब करावा. २.८ जर्मन अंश म्हणजे लिटरमागे १ मिलिइक्विव्हॅलंट. २०० लिटर पाण्याची अल्कता ६.५ वरून ८ अंशांवर न्यावयाची, तर सुमारे ९ ग्रॅम सोडिअम बायकार्बोनेट लागते. ते पाण्यात विरघळवून एक-दोन दिवसांत थोडे थोडे घालावे. कॅल्शिअम क्लोराइडचे द्रावण त्याच वेळी घालू नये. कॅल्शिअम कार्बोनेटचा साका बसून दोन्ही घटक वाया जातात. मॅग्नेशिअम पुरेसे असल्यास असा साका सहसा लवकर बसत नाही.

टाकीतून महासागराकडे

प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शिअम कार्बोनेटचाच बनवितात. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होते. त्यातून सुटणारे हायड्रोजन आयन कार्बोनेटशी संयोग पावतात आणि सांगाड्यासाठी उपलब्ध कार्बोनेट घटते. औद्योगिक क्रांतीपासून सागरपृष्ठाचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. सामूची मोजपट्टी लॉगॅरिथमिक असल्याने ही लहान दिसणारी घट हायड्रोजन आयनांत सुमारे २५ ते ३० टक्के वाढ दर्शविते.

बंद खोलीतील टाकीत घडते तेच येथे घडते : अल्कता फारशी बदलत नाही, तरी सामू उतरतो. टाकीसाठी खिडकी उघडता येते. महासागरासाठी मात्र कार्बन उत्सर्जन घटविणे हाच मूलभूत उपाय आहे. शाश्वत विकास ध्येय १४ मधील लक्ष्य १४.३ याच प्रश्नाशी निगडित आहे. लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथील प्रवाळभित्ती, तसेच १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातील प्रवाळ यांचे भवितव्य या संतुलनाशीही जोडलेले आहे.