जुनी हत्यारं घेताना: यादी वाचू नका, पातं पाहा

जुना रंधा किंवा पटाशी विकत घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगतो. गंज काढता येतो, पण झिजून गेलेलं पोलाद परत आणता येत नाही. वेळापुरात लाकूडकाम करताना मी जुनी विलायती आणि देशी हत्यारं घेत आलो आहे. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, आसपासचे भंगारवाले आणि अलीकडे मोबाईलवर मालाच्या याद्या पाठवणारे व्यापारी, असे सगळे मार्ग पाहून झाले. सगळ्यांत जास्त पैसे बुडतात ते याद्यांवर, कारण तिथे हत्यार हातात येण्याआधी रक्कम गेलेली असते.

अशाच एका यादीत पाच नंबरचा विलायती रंधा होता. ‘ब्रिटिशकालीन, दुर्मिळ, पूर्ण दुरुस्त, चालू स्थितीत.’ फोटोत काळाभोर रंग, लखलखती पितळी चक्की, पॉलिश केलेली मूठ. मी तळाचा आणि तोंडाचा जवळून काढलेला फोटो मागितला. व्यापाऱ्याने पुन्हा बाजूचेच फोटो पाठवले आणि तडा नसल्याची फोनवर खात्री दिली. पार्सल आल्यावर थिनरने रंग पुसला, तर तोंडाच्या कोपऱ्यापासून बाजूच्या भिंतीवर चढत गेलेली, पितळेने भरलेली रेघ निघाली. व्यापाऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं: विकलेला माल परत घेतला जात नाही.

रंध्याचं अंग बिडाचं असतं. बीड कडक, पण ठिसूळ. हातातून फरशीवर पडलं तरी तडकतं. तडा पितळेने भरताना उष्णतेने तळ वाकू शकतो आणि वाकलेल्या तळाचा रंधा सागाचाही सलग पातळ छिलका काढत नाही. असा रंधा कपाटात ठेवायला चालेल, कामाला नाही. तेव्हापासून माझा नियम पक्का झाला: रंगवलेलं हत्यार दिसलं की रंगाखाली काय आहे ते विचारायचं, आणि उत्तर फोटोत मिळालं नाही तर व्यवहार तिथेच थांबवायचा.

यादीतले शब्द कसे वाचावेत

‘अँटिक’ हा शब्द याद्यांमध्ये सर्रास येतो. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू पुरावशेष ठरण्यासाठी साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे. यादीतली बहुतेक हत्यारं तेवढी जुनी नसतात आणि तेवढी जुनी असण्याची कामासाठी गरजही नाही. शब्द मात्र किंमत वाढवतो.

छाप आणि सालही ताडून पाहा. अमेरिकेच्या स्टॅन्ले कंपनीने लेनर्ड बेलीच्या रंध्यांचे हक्क १८६९ मध्ये घेतले आणि आजही चालणारे नंबर तिथून रुळले. चार नंबरचा रंधा साधारण साडेनऊ इंचांचा, पाच नंबरचा चौदा इंचांचा, सात नंबरचा बावीस इंचांचा. नंबर आणि लांबी जुळली नाही, तर विक्रेत्याला स्वतःच्या मालाची माहिती नाही किंवा तो ती लपवतो आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड छापाचे असे रंधे १९३१ पासून निघाले. म्हणून ‘रेकॉर्ड, सन १९००’ असं लिहिलेलं दिसलं, तर पुढे वाचूच नका.

‘एखादा स्क्रू नाही, बाजारात मिळेल’ यावरही विश्वास ठेवू नका. या जुन्या रंध्यांच्या कित्येक स्क्रूंचे आटे आजच्या दुकानातल्या स्क्रूंशी जुळत नाहीत. पातं वर-खाली करणाऱ्या पितळी चक्कीचे आटे तर उलटे असतात. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून ते खराब करतो. सगळे भाग सुटे करून वर्तमानपत्रावर मांडलेला फोटो मागितला की काय आहे आणि काय नाही ते एका नजरेत कळतं.

हत्यार पाहताना

रंध्याच्या तोंडाचे चारही कोपरे आणि दोन्ही बाजूंच्या भिंती आधी पाहाव्यात. मग पातं, टोपी, मूठ सगळं काढून नुसतं अंग बोटावर अधांतरी धरावं आणि लाकडी दांड्याने हलकेच वाजवावं. मडकं घेताना वाजवून पाहतो तसंच. अखंड बीड खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. दूरच्या विक्रेत्याला हे व्हिडिओ कॉलवर करायला सांगा. प्रामाणिक माणूस नाही म्हणत नाही.

पात्यावर पट्टी ठेवून काढलेला फोटो घ्या. खाच संपते तिथपासून धारेपर्यंत किती पोलाद उरलं आहे, यावर त्याचं उरलेलं आयुष्य ठरतं. जुनी पाती आणि पटाशा बऱ्याचदा मऊ लोखंडाला पोलादाची पट्टी भट्टीत जोडून घडवलेल्या असतात. आपले लोहारही असंच करत आले. ती पट्टी झिजून संपली की उरतं ते नुसतं लोखंड, त्याला धार टिकत नाही. हातात हत्यार असेल तर धारेजवळ कानस हलकेच फिरवा. पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते, मऊ लोखंडात रुतते.

पात्याची सपाट पाठ नीट पाहा. वरवरचा तांबडा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने जातो. पण धारेजवळ गंजाने खड्डे पाडले असतील, तर धार लावताना तुम्ही त्या खड्ड्यापर्यंत पोहोचलात की तिथे खाच पडणारच. धारेवर निळसर झाक दिसली, तर कुणीतरी ग्राइंडरवर पातं तापवून त्याचं पाणी उतरवलेलं आहे. झाक थोडी असेल तर तेवढा भाग घासून काढता येतो. मोठी असेल तर किंमत कमी करून मागा.

करवत डोळ्यासमोर धरून तिची कड न्याहाळा. बोथट दात कानशीने होतात, मुडपलेली पट्टी सरळ करणं फार थोड्यांना जमतं. गुण्या तपासायला सरळ कडेला टेकवून रेघ मारावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारावी. दोन रेघा फाकल्या तर गुण्या चुकीचा. लाकडी रंध्यात कीड आणि पाचरीजवळची चीर पाहावी.

पैसे देताना

आगाऊ पूर्ण रक्कम देऊ नका. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. परताव्यासाठी कोणी तसं सांगितलं तर तो फसवणारा आहे. बिल आणि परतीची अट लेखी घ्या. बिडाचा रंधा सुटा करून, प्रत्येक भाग वेगळा गुंडाळून पाठवायला सांगा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. फसवणूक झालीच, तर ऑनलाइन आर्थिक गुन्ह्यासाठी १९३० वर ताबडतोब फोन करा. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५ वर.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ ची, बार्शी लाईट रेल्वे १८९७ ची. जिथे गिरण्या आणि रेल्वे, तिथे कारखान्यांची हत्यारंही बाजारात फिरतात. रेल्वेचा किंवा सरकारी छाप असलेली वस्तू बिलाशिवाय घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे.

आधी आपल्या गावात विचारा

दूरच्या यादीकडे वळण्याआधी गावातल्या सुतारांच्या घरी जाऊन या. नांगर, कुळव, बैलगाडी, मोटेचं चाक ही सगळी कामं बलुत्यावर करणाऱ्या या घरांमध्ये वाकस, किंकरे, सामता, गिरमिट पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये आला, पुढे गाड्यांना रबरी टायर लागले आणि ही कामं सुटत गेली. हत्यारं माळ्यावर गेली. आता ती भंगारात किलोच्या भावाने जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या घरांत हत्यार हातात घेऊन बाभळीच्या तुकड्यावर चालवून पाहता येतं, धार कशी लावायची हे ते वापरलेल्या माणसाकडून शिकता येतं आणि पैसेही गावातच राहतात.

घेणाऱ्यांनी तिथे भंगाराचा नव्हे, हत्याराचा भाव द्यावा. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांनी ती वजनकाट्यावर ठेवण्याआधी एखाद्या काम करणाऱ्या सुताराला दाखवावी. आणि यादीवरून घ्यायचंच असेल, तर तळ, तोंड आणि पात्याची पाठ या तिन्हींचे स्पष्ट फोटो आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.