विद्यापीठातील तक्रार : दखल, चौकशी आणि निर्णय

उत्तर प्रदेशात १९५४ साली इंटरमिजिएट परीक्षेला बसलेले तीन विद्यार्थी उत्तीर्ण झाल्याचे प्रथम जाहीर झाले. पुढे त्यांनी परीक्षेत गैरमार्गाचा अवलंब केला, असा निष्कर्ष काढून त्यांचे निकाल रद्द करण्यात आले आणि पुढील वर्षीच्या परीक्षेस बसण्यासही त्यांना मनाई करण्यात आली. आरोप काय आहे हे त्यांना कळविण्यात आले नव्हते, की त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले नव्हते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या निर्णयावर विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून आहे, तो निर्णय घेणाऱ्या समितीने न्यायबुद्धीने वागले पाहिजे आणि संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने १९६२ साली दिला. प्रकरण परीक्षा मंडळाचे असले, तरी विद्यापीठांच्या शिस्तविषयक कामकाजालाही हाच दंडक लागू पडतो.

तक्रारीच्या मागे एखाद्या विद्यार्थ्याचे शैक्षणिक वर्ष असते, कधी पदवी असते, तर कधी मनःस्वास्थ्य असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार असते, त्याची नोकरी व अब्रू पणास लागलेली असते. साहजिकच निर्णय कोणता झाला याइतकेच तो कोणत्या रीतीने झाला, यालाही महत्त्व प्राप्त होते. या दृष्टीने विद्यापीठांतील तक्रारींची व्यवस्था कशी आहे, याची माहिती प्रत्येक विद्यार्थ्याला व पालकाला असणे अगत्याचे आहे.

विद्यार्थी तक्रार निवारण समिती

प्रवेशातील अनियमितता, माहितीपुस्तिकेतील खोटी माहिती, मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवणे, जादा शुल्काची मागणी, शुल्क परत करण्यास होणारा विलंब, शिष्यवृत्ती न मिळणे, निकाल वेळेवर न लागणे, भेदभावाची वागणूक अशा तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विनियम जारी केले. त्यांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे. समितीचे अध्यक्षपद प्राध्यापकाकडे असते. समितीत किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती वा इतर मागासवर्गातील किमान एक व्यक्ती असावी लागते. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीस विशेष निमंत्रित म्हणून स्थान आहे.

समितीने आपला अहवाल शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत द्यावा व त्याची प्रत तक्रारदारासही पाठवावी, असे बंधन आहे. समितीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यार्थ्याला १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांची या पदावर नेमणूक होते. लोकपालाने ३० दिवसांत प्रकरण निकाली काढण्याचा प्रयत्न करावा आणि आदेश सकारण असावा, अशी अपेक्षा आहे. मात्र केवळ गुण कमी पडले, फेरतपासणी व्हावी, एवढ्याच कारणावरून लोकपालाकडे दाद मागता येत नाही. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाची विशिष्ट घटना दाखवून द्यावी लागते.

गंभीर तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणा

लैंगिक छळाच्या तक्रारी अंतर्गत तक्रार समितीकडे जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतून २०१३ चा कायदा आकारास आला आणि त्यास अनुसरून आयोगाने शिक्षणसंस्थांसाठी २०१५ चे विनियम केले. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करावयाची असते. सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढविता येते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ पदांवरील व्यक्तींना या समितीचे सदस्य होता येत नाही. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांचा दबाव चौकशीवर पडू नये, हा यामागील हेतू होय. तक्रारदाराचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्याचप्रमाणे तक्रार पुराव्याने सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे.

रॅगिंगच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९९ सालीच स्वतंत्र कायदा केला. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार तत्काळ पोलिसांकडे पाठविली पाहिजे. संस्थाप्रमुखाने यात कसूर केल्यास त्याने गुन्ह्यास साहाय्य केले, असे कायदा मानतो. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असून दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही.

संशोधनातील वाङ्मयचौर्यासाठी आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांस एक वर्ष मनाई आणि त्याहून अधिक साम्यास नोंदणी रद्द, अशी चढती शिक्षा आहे.

चौकशीची कसोटी

यंत्रणा कोणतीही असो, तिच्या मुळाशी दोन तत्त्वे आहेत. ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यावयाचा त्याला आरोप व पुरावा कळवून त्याचे म्हणणे ऐकावे, हे पहिले. ज्याचा त्या प्रकरणात हितसंबंध आहे त्याने न्यायासनावर बसू नये, हे दुसरे. ज्या शिक्षकाविरुद्ध तक्रार आहे त्याच्या निकटवर्ती सहकाऱ्याकडेच चौकशी सोपविली, तर निर्णय खरा असूनही त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

ही तत्त्वे परिस्थितीनुरूप लागू होतात. बिहारमधील एका परीक्षा केंद्रावर सामूहिक कॉपी झाल्याचे दिसून आल्याने संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द करण्यात आली, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्यास वेगळी सुनावणी देण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली म्हटले; कारण तेथे कोणा एकावर आरोप ठेवलेला नव्हता. महाराष्ट्रातील शालान्त परीक्षेच्या गुणपत्रकांत झालेल्या फेरफारांच्या प्रकरणात न्यायालयाने १९९१ साली आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते हे पाहिले जाते. मात्र नुसता संशय म्हणजे पुरावा नव्हे.

तक्रारदाराने काय करावे

तक्रार लेखी द्यावी. घटनेचा दिनांक, स्थळ, संबंधित व्यक्ती व उपलब्ध कागदपत्रे यांचा तीत उल्लेख असावा. ऐकीव गोष्टी व प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. तक्रार दाखल केल्याची पोच अवश्य घ्यावी. मुदतीची गणना तेथूनच होते. मूल्यमापनाविषयी शंका असल्यास प्रथम उत्तरपत्रिका पाहावी. माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. ती पाहिल्यानंतर पुष्कळ शंका आपोआप दूर होतात आणि ज्या उरतात त्यांना आधार मिळतो.

संस्थांच्या बाजूनेही काही अपेक्षा आहेत. समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी फलकावर व संकेतस्थळावर असावीत. तक्रार आली म्हणजे संस्थेची बदनामी झाली, असे मानून ती आपसात मिटविण्याचा आग्रह धरला जाऊ नये. एका तक्रारीची वेळीच चौकशी झाली, तर अनेकदा व्यवस्थेतील दोष लक्षात येतो व पुढील शंभर विद्यार्थ्यांचा त्रास वाचतो. विलंबाचा दोष मात्र कोणत्याही आदेशाने भरून निघत नाही. प्रवेशाची तारीख उलटून गेल्यावर हाती पडलेले मूळ प्रमाणपत्र विद्यार्थ्याच्या काय कामाचे? विनियमांतील १५ व ३० दिवसांच्या मुदतींचा अर्थ अशा वेळी ध्यानात येतो. त्या पाळल्या जातात किंवा नाही, यावरच विद्यार्थ्याचा विद्यापीठावरील विश्वास अवलंबून राहणार आहे.