घरविक्री : विक्रेत्याने काय सांगावयास हवे?

वैनगंगेकाठची पवनी हे प्राचीन नगर. अशा गावी घरे बहुधा ओळखीत विकली जातात. घेणाऱ्याने नीट पाहून घ्यावे हे खरेच. परंतु कायद्याने विक्रेत्यासही मोकळे सोडलेले नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ अन्वये, वेगळा करार नसल्यास, मिळकतीतील किंवा आपल्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, खरेदीदारास ठाऊक नाही व साधारण दक्षता घेऊनही त्यास कळणार नाही, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. याबाबतचे मौन कपट ठरते. भिंतीची उघडी भेग येथे येत नाही, ती दिसतेच. मात्र बहिणीचा हिस्सा अद्याप सुटलेला नाही किंवा गिलाव्याआड पाया खचला आहे, हे दडविता येत नाही. गोसीखुर्द धरण याच तालुक्यात आहे. भूसंपादनाची नोटीस हाती असताना ती न सांगता घर विकणे म्हणजे घेणाऱ्याची आयुष्याची पुंजी बुडविणेच होय.

मागणी होताच हक्काचे दस्तऐवज दाखविणे, तसेच विक्रीच्या तारखेपर्यंतचे सार्वजनिक कर भरणे हेही विक्रेत्याचेच कर्तव्य. घेणाऱ्यानेही दुय्यम निबंधक कार्यालयात पूर्वीच्या दस्तांचा शोध घ्यावा. विक्रेत्यास अज्ञात अशी, त्याच्या हक्काचे मूल्य वाढविणारी बाब ठाऊक असल्यास ती सांगणे त्याच्यावरही बंधनकारक आहे, हे फारसे कोणास माहीत नसते.

खेड्यांत घराचा ‘नमुना ८’ दाखवून सौदे होतात. ती नोंद कर आकारणीची असते, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. उतारा देताना पंचायतीने हे स्पष्ट सांगावे.